मतदानासाठी छायाचित्र ओळखपत्र: नव्या मतदारांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मतदान केंद्रात शिरल्यावर पहिल्याच टेबलाशी दोन गोष्टी पडताळल्या जातात. त्या केंद्राच्या मतदार यादीत तुमचे नाव आहे का, हे आधी पाहिले जाते, आणि त्या नावाची व्यक्ती तुम्हीच आहात का, हे त्यानंतर. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यादी देते आणि दुसऱ्याचे ओळखपत्र. पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांची, तसेच नोकरी-शिक्षणासाठी नव्या शहरात आलेल्यांची सर्वाधिक फसगत या दोन प्रश्नांची गल्लत केल्याने होते. खिशात मतदार कार्ड आहे म्हणून ते निश्चिंत असतात, आणि केंद्रावर गेल्यावर यादीतून नाव केव्हाच वगळले गेल्याचे कळते. उलट कार्ड हरवले म्हणून काही जण घरीच बसतात. त्यांचे नाव मात्र यादीत शाबूत असते आणि आधार कार्डावरही त्यांना मतदान करता आले असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२ नुसार मतदानाचा हक्क यादीतील नोंदीमुळे मिळतो, कार्डामुळे नव्हे. म्हणून पुढील टप्पे याच क्रमाने, म्हणजे यादीपासून सुरू करून, पार पाडावेत.

पहिला टप्पा: यादीत नाव शोधणे

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर नाव शोधण्याचे तीन मार्ग आहेत: मतदार कार्डाचा क्रमांक टाकून, नोंदवलेला मोबाइल क्रमांक टाकून, किंवा नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, वय आणि जिल्हा ही माहिती भरून. कार्डाचा क्रमांक हाताशी असेल तर तोच मार्ग धरावा. नव्या कार्डांवर तीन इंग्रजी अक्षरे आणि सात अंक असा दहा वर्णांचा क्रमांक असतो. महाराष्ट्रातील जुन्या कार्डांवर मात्र 'एमटी'ने सुरू होणारे, मध्ये तिरप्या रेघा असलेले लांबलचक क्रमांक आढळतात. असा क्रमांक टाकून काही सापडले नाही, तर नाव गेले असे समजू नये; तपशील भरून पुन्हा शोधावे.

तपशिलाने शोधताना खरी अडचण नावाच्या लेखनाची येते. महाराष्ट्रातील यादी मुळात मराठीत असते आणि तिचे इंग्रजी रूप लिप्यंतराने तयार होते. त्यामुळे 'वैशाली', 'दत्तात्रय' किंवा 'शेख' या नावांची स्पेलिंगे तुमच्या आधार कार्डावर असतील तशीच तेथे असतील, याची खात्री नाही. मराठीतही 'सुनिता' आणि 'सुनीता', 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' अशी जोडरूपे आहेत. एका लेखनाने नाव मिळाले नाही तर दुसऱ्याने शोधावे, आणि तरीही मिळाले नाही तर आपल्या भागाच्या यादीची पीडीएफ प्रत उघडून घरातील इतर माणसांच्या नावांच्या आसपास नजर टाकावी. इंटरनेटशी फारशी ओळख नसलेल्यांनी १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा आपल्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यास भेटावे. 'बीएलओ' म्हणून ओळखली जाणारी ही व्यक्ती बहुधा जवळच्याच शाळेतील शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा तलाठी असते.

नाव सापडल्यावर चार गोष्टी कागदावर उतरवून ठेवाव्यात: विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, त्या भागातील अनुक्रमांक आणि मतदान केंद्राचा पत्ता. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ठाऊक असेल तर टेबलावरील अधिकाऱ्यास तुमचे नाव काही क्षणांत सापडते. तो ठाऊक नसेल, तर मागे रांग खोळंबते आणि आपलाही जीव टांगणीला लागतो.

दुसरा टप्पा: नाव नसेल किंवा पत्ता बदलला असेल तर

येथे योग्य नमुना निवडणे महत्त्वाचे आहे, कारण चुकीचा नमुना भरल्यास काम अडते आणि काही वेळा कायद्याचा भंगही होतो.

ज्याचे नाव देशात कोठेही यादीत नाही, त्याने नमुना क्र. ६ भरावा. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत की नाही, हे आता वर्षातून चार तारखांना पाहिले जाते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. पुढे पात्रतेची तारीख आली की त्या अर्जावर निर्णय होतो. अर्जासोबत छायाचित्र, वयाचा पुरावा आणि राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा द्यावा लागतो. वयासाठी जन्माचा दाखला, दहावी-बारावीचे जन्मतारीख असलेले प्रमाणपत्र, पॅन कार्ड किंवा पासपोर्ट चालतो. पत्त्यासाठी वीज, पाणी वा गॅसचे बिल, पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार किंवा नोंदणीकृत खरेदीखत देता येते. आधार क्रमांक नसल्यास तसे नमूद करण्याची सोय अर्जातच आहे, म्हणून केवळ आधार नाही या कारणाने अर्ज करणे टाळू नये. हे पुरावे नोंदणीसाठीचे आहेत. मतदानाच्या दिवशी दाखवायच्या कागदांची यादी वेगळी आहे आणि तिचा विचार पुढे केला आहे.

ज्याचे नाव दुसऱ्या गावी यादीत आहे आणि जो आता नव्या ठिकाणी राहतो, त्याने नमुना क्र. ६ भरू नये. त्याच्यासाठी नमुना क्र. ८ आहे. ऑगस्ट २०२२ पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेलेल्यांना नमुना क्र. ६ च भरावा लागे, आणि ती जुनी सवय अजून गेलेली नाही. आता मतदारसंघातल्या मतदारसंघात घर बदलले असो, की बेळगावहून पुण्याला बिऱ्हाड हलवले असो, स्थलांतरासाठी नमुना क्र. ८ हाच मार्ग आहे. नोंदींतील दुरुस्ती, हरवलेल्या वा खराब झालेल्या कार्डाच्या बदली नवे कार्ड, आणि दिव्यांगत्वाची नोंद ही कामेही याच नमुन्याने होतात. स्थलांतरित मतदाराने नमुना क्र. ६ भरला, तर त्याने 'माझे नाव अन्यत्र यादीत नाही' असे प्रतिज्ञापन केल्यासारखे होते. दोन ठिकाणी नाव ठेवण्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ आणि १८ ने मनाई आहे, आणि खोट्या प्रतिज्ञापनास कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुंबई-ठाण्यातील चाकरमान्यांच्या संदर्भात हा प्रश्न वारंवार निघतो. कोकणात वडिलोपार्जित घर आहे, शिमग्या-गणपतीला जाणे-येणे आहे, म्हणून नाव गावी ठेवावे की शहरात? त्याच अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे, एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. पण तात्पुरत्या गैरहजेरीमुळे त्याचे रहिवासी असणे संपतही नाही. निर्णय प्रत्यक्ष वास्तव्यावर ठरतो. गावच्या राजकारणात मन गुंतलेले असते हे समजण्यासारखे आहे, तरी वर्षाचे अकरा महिने जेथे काढतो तेथेच नाव ठेवणे कायद्याला धरून आहे आणि मतदानाच्या दिवशी एस.टी.ची रांगही त्यामुळे चुकते.

हे सर्व निवडणूक जाहीर होण्याआधी करावे. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीच्या यादीत नाव घालता येत नाही, आणि अर्ज आल्यावर हरकतींसाठी किमान सात दिवस ठेवावे लागतात. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, उमेदवारी अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. ज्यांना दिवाळीनंतर जाग आली, त्यांच्यापुढे मतदानाला बराच अवधी दिसत होता. नोंदणीचे दार मात्र बंद झालेले होते.

तिसरा टप्पा: मतदार ओळखपत्र मिळवणे

मतदार छायाचित्र ओळखपत्र टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ पासून देण्यास सुरुवात झाली. बोगस मतदानाला आळा घालणे हा त्यामागचा हेतू होता. रोजच्या बोलण्यात त्याला इलेक्शन कार्ड किंवा व्होटिंग कार्ड म्हणतात. नोंदणी झाल्यावर ते टपालाने घरच्या पत्त्यावर येते. टपाल पोहोचेपर्यंत थांबायचे नसेल, तर ई-ओळखपत्राची सोय आहे. २५ जानेवारी २०२१ रोजी, राष्ट्रीय मतदार दिनी, सुरू झालेले हे ओळखपत्र पोर्टलवरून पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते. ते छापून, हवे तर लॅमिनेट करून, जवळ ठेवावे. मोबाइलमध्ये ठेवलेल्या प्रतीवर विसंबून राहू नये. त्याचे कारण सहाव्या टप्प्यात येईल.

जुन्या कार्डाविषयी दोन शंका नेहमी विचारल्या जातात. पत्ता बदलल्यावर जुने कार्ड बाद होते का, ही पहिली. आयोगाचा नियम असा आहे की दुसऱ्या विधानसभा मतदारसंघाच्या नोंदणी अधिकाऱ्याने दिलेले कार्डही ओळखीसाठी चालते, मात्र मतदाराचे नाव ज्या केंद्रावर तो आला आहे त्या केंद्राच्या यादीत असले पाहिजे. दुसरी शंका कार्डावरील छायाचित्राची. पहिल्या पिढीतील कृष्णधवल कार्डांवरील छायाचित्रे अशी आहेत की ज्याचे त्याला ओळखू येत नाही. छायाचित्र जुळत नाही असे अधिकाऱ्यास वाटले, तर पर्यायी यादीतील दुसरा छायाचित्र असलेला कागद दाखवावा लागतो. म्हणून ज्यांचे कार्ड वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे आहे, त्यांनी नमुना क्र. ८ भरून नवे छायाचित्र लावून घेणे श्रेयस्कर. तोपर्यंत सोबत आणखी एक कागद ठेवावा.

चौथा टप्पा: कार्ड नसल्यास कोणता कागद चालतो

लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीसाठी भारत निवडणूक आयोग प्रत्येक वेळी स्वतंत्र आदेश काढून पर्यायी कागदपत्रांची यादी जाहीर करतो. २०२४ च्या निवडणुकांत अशा बारा कागदपत्रांना मान्यता होती. आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन चालवण्याचा परवाना आणि भारतीय पासपोर्ट हे चार बहुतेकांकडे असतात आणि प्रत्यक्षात त्यांचाच वापर सर्वाधिक होतो. ग्रामीण भागासाठी मनरेगाचे जॉब कार्ड आणि बँक किंवा टपाल कार्यालयाचे छायाचित्र लावलेले पासबुक हे पर्याय मोलाचे आहेत. निवृत्तांसाठी छायाचित्र असलेली निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, दिव्यांगांसाठी यूडीआयडी कार्ड, आणि सरकारी, निमसरकारी वा सार्वजनिक मर्यादित कंपनीतील कर्मचाऱ्यांसाठी कार्यालयाने दिलेले छायाचित्र ओळखपत्र चालते. याशिवाय कामगार मंत्रालयाच्या योजनेतील आरोग्य विमा स्मार्ट कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचे स्मार्ट कार्ड आणि खासदार-आमदारांची अधिकृत ओळखपत्रे यादीत आहेत.

यादीत काय नाही, हे माहीत असणे तितकेच उपयोगी आहे. शिधापत्रिका या बारांत नाही. अनेक घरांत तीच सर्वांत जपून ठेवलेली वस्तू असते, पण तिच्या आधारे ओळख पटवता येणार नाही. महाविद्यालयाचे ओळखपत्रही यादीत नाही, आणि नवमतदारांची निराशा बहुधा येथेच होते. खासगी मर्यादित कंपनीच्या, स्टार्टअपच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या ओळखपत्रालाही यादीत स्थान नाही. पासबुकावर छायाचित्र चिकटवलेले असले पाहिजे. अनेक बँकांच्या आताच्या पासबुकांवर ती जागा रिकामीच असते, तेव्हा ते उघडून आधी पाहावे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, म्हणून तिचे पासबुक नेऊन वाद घालण्यात अर्थ नाही. आणि यांपैकी कोणताही कागद मूळ स्वरूपात न्यावा. झेरॉक्स प्रतीवर अधिकारी हरकत घेईल, आणि तसे करण्यात त्याची चूक नसेल.

मतदार माहिती चिठ्ठीचा गोंधळ येथेच निस्तरावा. मतदानाच्या काही दिवस आधी केंद्रस्तरीय अधिकारी घरोघर जी चिठ्ठी देतो, तिच्यावर क्यूआर कोड, भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्राचा पत्ता आणि मतदानाची वेळ असते. पूर्वी या चिठ्ठीवर छायाचित्र असे आणि तिलाच ओळखपत्राचा मान होता. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपासून तो मान काढून घेण्यात आला आणि २०२१ पासून चिठ्ठीवरचे छायाचित्रही गेले. चिठ्ठी वाट दाखवते, ओळख पटवत नाही. केंद्राबाहेर राजकीय पक्षांचे कार्यकर्ते टेबल मांडून ज्या पांढऱ्या चिठ्ठ्या देतात, त्यांना तर तेवढेही अधिकृत स्थान नाही. अनुक्रमांक शोधण्यापुरती त्यांची मदत घ्यावी.

महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग नव्हे, तर राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्याची पर्यायी कागदपत्रांची यादी वेगळी असते. दोन्ही याद्या बऱ्याच अंशी सारख्या असल्या, तरी राज्य आयोगाच्या यादीत स्वातंत्र्यसैनिकांचे ओळखपत्र येते आणि पासबुकासाठी राष्ट्रीयीकृत बँकेची अट दिसते. सहकारी बँकेचे पासबुक घेऊन जाणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा. मतदार यादी मात्र विधानसभेचीच, प्रभागनिहाय विभागलेली, वापरली जाते आणि ती एका ठरावीक तारखेस गोठवली जाते. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी जे मतदान झाले, त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरलेली होती. म्हणजे ऑगस्टमध्ये नोंदणी झालेल्या तरुणाकडे नवे कोरे मतदार कार्ड असूनही त्या दिवशी त्याला मत देता आले नाही.

पाचवा टप्पा: कागदावरील नाव यादीशी ताडून पाहणे

मतदानाच्या आदल्या रात्री नव्हे, तर आठवडाभर आधी, यादीतील आपली नोंद आणि नेणार असलेला कागद शेजारी ठेवून पाहावा. किरकोळ फरकांची चिंता करू नये. यादीत 'जाधव सुनिता रमेश' आणि आधारवर 'सुनीता रमेश जाधव' असे असेल, तर ऱ्हस्व-दीर्घ आणि आडनावाच्या जागेवरून कोणी अडवण्याचे कारण नाही. मतदार कार्डावरील लेखनातील किरकोळ चुकांकडे, ओळख पटत असेल तर, दुर्लक्ष करावे, असे आयोगाचे स्पष्ट निर्देश आहेत.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची गोष्ट निराळी. यादीत माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, अशा स्थितीत नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही वेगळे असू शकतात, आणि अधिकाऱ्यासमोर दोन वेगळ्या व्यक्तींचे कागद असल्यासारखे दिसते. अशा वेळी नियम सोपा ठेवावा: जो कागद यादीतील नावाशी जुळतो, तोच न्यावा. बहुधा तो जुने मतदार कार्ड, पॅन कार्ड किंवा पासपोर्ट असतो. आधार कार्ड अद्ययावत आहे म्हणून तेच पुढे करण्याचा मोह टाळावा. येथे कागद नवा असण्यापेक्षा यादीशी जुळणारा असणे कामाचे. विवाह नोंदणीचा दाखला सोबत असेल तर केंद्राध्यक्षास खुलासा करणे सोपे जाते, पण त्या दाखल्याला छायाचित्र ओळखपत्राची जागा घेता येत नाही. निवडणूक झाल्यावर नमुना क्र. ८ भरून यादीतील नाव दुरुस्त करून घ्यावे किंवा, लग्नानंतर नाव न बदलण्याचा निर्णय घेतला असेल तर, बाकीचे कागद यादीप्रमाणे ठेवावेत. दोन्ही बाजूंना एकच नाव असले म्हणजे झाले.

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी पर्यायांचा प्रश्नच येत नाही. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि अन्य देशाचे नागरिकत्व न घेतलेल्या मराठी माणसाला नमुना क्र. ६-अ भरून, पासपोर्टवरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवता येते. त्याला मतदार कार्ड दिले जात नाही, आणि केंद्रावर त्याची ओळख केवळ मूळ पासपोर्टवरून पटवली जाते. मतदानासाठी त्याला प्रत्यक्ष यावे लागते. ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, मतदानाचा हक्क नाही.

पंच्याऐंशी वर्षांवरील ज्येष्ठ आणि किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेले मतदार यांना नमुना क्र. १२-ड भरून घरूनच टपाली मत देता येते. हा अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो, आणि घरी येणाऱ्या पथकालाही ओळखपत्र दाखवावे लागते.

सहावा टप्पा: मतदान केंद्रावर

खिशात मूळ ओळखपत्र, दुसरा एखादा पर्यायी कागद आणि अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी, एवढे घेऊन निघावे. मोबाइल घरी ठेवणे उत्तम. केंद्राच्या परिसरात मोबाइलवर बंधन असते. २०२५ मध्ये आयोगाने बंद केलेले फोन प्रवेशद्वाराजवळ खणांत किंवा तागाच्या पिशव्यांत ठेवून घेण्याची सोय सुरू केली, पण टेबलापर्यंत फोन नेता येत नाही तो नाहीच. त्यामुळे डिजिलॉकरमधील आधार किंवा परवाना दाखवण्याचा मार्ग व्यवहारात खुंटतो. फोनवर बंदी घालणाऱ्या निर्देशाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळली, आणि फोनमधील डिजिलॉकर दाखवून ओळख पटवण्याचा हक्क कोणालाही नाही, असे सांगितले. एरवी रेल्वेपासून विमानतळापर्यंत सगळीकडे फोन पुढे करण्याची सवय झालेल्या तरुणांना हे जाचक वाटते, आणि त्यांची तक्रार अगदीच गैर नाही. तूर्त नियम हा आहे, तेव्हा प्लास्टिकचे कार्ड शोधून ठेवावे.

आत गेल्यावर पहिला मतदान अधिकारी तुमचा कागद पाहतो, यादीतील नोंदीशी ताडतो आणि नाव व अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. हे वाचन समोर बसलेल्या उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसाठी असते, म्हणजे कोणाला आक्षेप घ्यायचा असेल तर त्याने तेव्हाच घ्यावा. आक्षेप नसल्यास यादीच्या त्या प्रतीतील तुमच्या नोंदीवर लाल शाईची रेघ ओढली जाते. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीवर पक्की शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि मतदानाची चिठ्ठी देतो. शाई लावून घेण्यास नकार देणाऱ्यास मतदान करू दिले जात नाही. तिसरा अधिकारी ती चिठ्ठी घेतो, बोटावरची शाई पाहतो आणि यंत्र सुरू करतो. बुरखा किंवा घुंघट असलेल्या स्त्रियांची ओळख महिला कर्मचाऱ्यामार्फत, आडोशाला पटवण्याची व्यवस्था असते. ती मागून घेण्यास संकोच करू नये.

काहींची नावे गैरहजर, स्थलांतरित आणि मृत अशा वेगळ्या यादीत गेलेली असतात. केंद्रस्तरीय अधिकारी दोनदा घरी आला आणि दाराला कुलूप होते, एवढ्यावरही असे होऊ शकते. या यादीत नाव असले म्हणजे हक्क गेला असे नव्हे. अशा मतदाराचा कागद केंद्राध्यक्ष स्वतः तपासतो, नोंदवहीत सहीबरोबर अंगठाही घेतला जातो आणि त्याच्याकडून प्रतिज्ञापन लिहून घेतले जाते. दोन-चार मिनिटे जास्त जातील, पण छायाचित्र असलेला पक्का कागद जवळ असेल तर मत देता येईल.

सातवा टप्पा: ओळखीवरून अडवले गेल्यास

एखाद्या मतदान प्रतिनिधीने तुमच्या ओळखीवर आक्षेप घेतला, तर त्याला प्रत्येक आक्षेपासाठी दोन रुपये रोख जमा करावे लागतात. रक्कम क्षुल्लक असली, तरी त्यामुळे आक्षेप नोंदला जातो आणि केंद्राध्यक्षास तेथल्या तेथे चौकशी करणे भाग पडते. पुरावा देण्याची पहिली जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यावर असते. तुम्ही शांतपणे कागद दाखवावेत, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, घरातील इतर मतदारांची नावे सांगावीत. आक्षेप सिद्ध झाला नाही तर तुम्हाला मतदान करू दिले जाते. दुसऱ्याच्या नावाने मत देण्याचा प्रयत्न सिद्ध झाला, तर त्या व्यक्तीस पोलिसांच्या ताब्यात दिले जाते.

याहून कठीण प्रसंग म्हणजे, तुमच्या नावावर आधीच कोणी तरी मत देऊन गेलेले असणे. यादीतील तुमच्या नावावर लाल रेघ दिसते, तुमचे बोट मात्र कोरे असते. येथे बहुतेक जण चिडून घरी परततात आणि तेथेच चुकतात. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-पी अशा मतदाराला प्रदत्त मत (टेंडर्ड व्होट) देण्याचा हक्क देतो. त्यासाठी केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागावी. तो ओळखीविषयी प्रश्न विचारेल. उत्तरे समाधानकारक असतील तर नमुना क्र. १७-ब मध्ये तुमची सही घेऊन तुम्हाला कागदी मतपत्रिका दिली जाईल. मत यंत्रावर दिले जात नाही. तुम्ही आडोशाला जाऊन मतपत्रिकेवर शिक्का मारता, घडी करता आणि ती केंद्राध्यक्षाकडे देता. तो ती यासाठीच ठेवलेल्या लखोट्यात घालतो.

प्रदत्त मते नेहमीच्या मतमोजणीत धरली जात नाहीत. निवडणूक याचिका दाखल झाली आणि फरक अगदी थोडक्या मतांचा असला, तर उच्च न्यायालय तो लखोटा उघडण्याचा आदेश देऊ शकते. म्हणून त्या दिवशी केंद्राध्यक्षाने नोंद केली आहे, सही योग्य रकान्यात झाली आहे आणि अनुक्रमांक बरोबर लिहिला आहे, हे तेथेच पाहून घ्यावे. त्यानंतर मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी.